छातीवरचा बिल्ला, गळ्यातली माळ

काही काळापूर्वी ट्रॉम्बे परिसरातील एका महाविद्यालयात मराठीच्या विद्यार्थ्यांसमोर बोलण्याचा योग आला. विषय आमच्या जिव्हाळ्याचा होता: वाचनाची सवय. तासभर आम्ही मनापासून बोललो. नवी पिढी वाचत नाही ही खंत नेहमीप्रमाणे व्यक्त केली आणि वाचकाचे आयुष्य कसे समृद्ध होते हेही सांगितले. शेवटी मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने अत्यंत नम्रपणे विचारले, "सर, तुम्ही सध्या काय वाचताय?" आम्ही क्षणाचाही विलंब न लावता एका कादंबरीचे नाव सांगितले. तिने ते वहीत टिपून घेतले.

परतीच्या बसमध्ये बसल्यावर ध्यानात आले, की ती कादंबरी आम्ही तीन वर्षांपूर्वी हाती घेतली होती आणि तिची शेवटची शंभरेक पाने अद्याप वाचलेली नाहीत. अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की आम्ही जाणूनबुजून खोटे बोललो नव्हतो. उत्तर देताना ते आम्हांला खरेच वाटले होते. 'आम्ही वाचक आहोत' ही आमची स्वतःविषयीची प्रतिमा इतकी घट्ट झाली होती, की तिला वाचनाची गरजच उरली नव्हती.

सवय आणि स्वप्रतिमा यांच्या नात्याविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. १९६० साली मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लॅस्टिक सर्जनने 'सायको-सायबरनेटिक्स' या पुस्तकात असे निरीक्षण मांडले, की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला साधारणपणे किमान एकवीस दिवस लागतात. त्यातला 'किमान' पुढे गळाला आणि 'एकवीस दिवसांत कोणतीही सवय लागते' हे सुभाषित जगभर झाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मात्र निराळे सांगतो. त्यात एखादी साधी कृती आपोआप घडू लागण्यासाठी लागलेला मध्यक कालावधी ६६ दिवसांचा होता आणि व्यक्तिपरत्वे तो १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. २०१८ साली जेम्स क्लिअर यांचे 'अ‍ॅटॉमिक हॅबिट्स' आले. आपण कोण व्हायचे ते आधी ठरवावे आणि प्रत्येक लहान कृती ही त्या व्यक्तीच्या बाजूने टाकलेले मत समजावी, अशा आशयाचे त्यांचे प्रतिपादन आहे. ते आकर्षक आहे आणि बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु त्या मतांची मोजणी कोणी करायची? उमेदवारानेच मतपेटी उघडून निकाल जाहीर केला तर काय होते, हे आम्ही त्या वर्गात स्वतः अनुभवले होते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: स्वप्रतिमेने सवय सुरू होऊ शकते, पण टिकते ती केवळ पुनरावृत्तीने, आणि त्या पुनरावृत्तीला आपल्या मनाबाहेरचा कोणी साक्षी असावा लागतो. साक्षी नसलेली स्वप्रतिमा कृतीची जागा घेते आणि मग कृती संपली तरी कळत नाही.

योगायोग असा, की या साक्षीचे उत्तम उदाहरण ट्रॉम्बेतच आहे. ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही अणुभट्टी येथे कार्यान्वित झाली. १९६७ पासून येथील संस्था भाभा अणुसंशोधन केंद्र या नावाने ओळखली जाते. अणुशक्तिनगरात राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनी नोकरीची बरीच वर्षे किरणोत्सारी द्रव्यांच्या सान्निध्यात काढली. त्यांच्याकडून प्रथम छातीवर लावायच्या बिल्ल्याविषयी ऐकले. काम सुरू करताना तो लावायचा, काम संपले की ठरलेल्या जागी ठेवायचा. बिल्ल्यात डिस्प्रोशियमचा अंश मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन लहान चकत्या असतात. किरणोत्साराची ऊर्जा त्यांत अडकून राहते. ठराविक मुदतीनंतर चकत्या तापवल्या, की त्या प्रकाश देतात आणि त्या प्रकाशावरून मात्रा मोजली जाते. मोजणीनंतर चकत्या पुन्हा वापरासाठी सिद्ध होतात. आकडा मात्र त्या व्यक्तीच्या नावावर नोंदला जातो आणि आयुष्यभराच्या बेरजेत जमा होतो.

हे सारे का करावे लागते? कारण अशी लहान मात्रा जाणवत नाही. तिला रंग नाही, वास नाही, चटकाही नाही. शरीराला जे कळत नाही ते बिल्ल्याला कळते. पुनरावृत्त कृतींचेही नेमके असेच आहे. आज दहा पाने वाचली म्हणून आज आपल्यात काही बदलल्याचे जाणवत नाही आणि आज एकही पान वाचले नाही म्हणून उद्या सकाळी आरशात वेगळा चेहरा दिसत नाही. मात्रा साचत जाते ती संवेदनेच्या खाली. म्हणूनच मन या बाबतीत विश्वसनीय साक्षीदार ठरत नाही.

स्नेह्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती आम्ही विसरलेलो नाही. नव्या माणसाला आरंभीच बजावले जाते, की बिल्ला हे चिलखत नव्हे. तो लावल्याने किरणे अडत नाहीत. तो फक्त मोजतो. 'मी वाचक', 'मी लेखक', 'मी अभ्यासू शिक्षक' हे बिल्ले लावल्याने आपण अवाचनापासून, आळसापासून सुरक्षित झालो असे समजणे हा तसाच भ्रम आहे. साहित्याच्या क्षेत्रात हे बिल्ले विपुल आहेत, आणि ते मोजणीसाठी कोणी कोठे पाठवीत नाही.

यावर कोणी म्हणेल, की ही प्रयोगशाळेची शिस्त झाली. माणसाच्या अंतरंगाशी, श्रद्धेशी, आवडीशी तिचा काय संबंध? त्यासाठी छातीवरच्या बिल्ल्याकडून गळ्यातल्या माळेकडे वळावे लागेल. वारकरी संप्रदायात तुळशीची माळ घालणे ही नव्या ओळखीची सुरुवात असते. इथे स्वप्रतिमा आधी येते हे खरे. परंतु ती कशी येते ते पाहण्याजोगे आहे. माळ परंपरेने ज्येष्ठ वारकऱ्याच्या हातून घातली जाते आणि तिच्याबरोबर नेम येतात: एकादशी, हरिपाठ, मद्यमांसाचा त्याग, पंढरपूरची वारी. माळ ही पदवी म्हणून मिळत नाही, ती एक प्रकारची उचल असते. आज विश्वासाने दिलेले नाव पुढे आयुष्यभर कृतीने फेडायचे असते. शिवाय ती गळ्यात दिसते. गावात कोणी माळकरी भलत्या ठिकाणी दिसला तर लोक त्याला त्याच्या माळेची आठवण करून देतात. साक्षीदार असा चोहीकडे उभा असतो.

आपल्या भाषेनेही हे मर्म जपले आहे. वारी म्हणजे फेरी, पुनःपुन्हा जाणे. वारी करणारा तो वारकरी, शेत करणारा तो शेतकरी, कष्ट करणारा तो कष्टकरी. मराठीने माणसाला नाव दिले ते त्याच्या श्रद्धेवरून किंवा स्वभावावरून नव्हे, तर तो नित्य जे करतो त्यावरून. घरे बांधून माणूस गवंडी होतो आणि न्यायाने वागून न्यायी होतो, असे अ‍ॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रात मांडले. आपल्याकडे तेच तत्त्व एका 'करी' प्रत्ययात सामावले आहे.

मग खंड पडला तर? आपल्यापैकी बहुतेकांच्या सवयी मोडतात त्या पहिल्या खंडाच्या दिवशी. काल चुकले, म्हणजे आपण त्या जातीचे नव्हेच, असा निष्कर्ष आपण फार त्वरेने काढतो. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी महासाथीमुळे नेहमीची पायी वारी होऊ शकली नाही. संतांच्या पादुका एसटीच्या बसमधून पंढरपुरास गेल्या आणि लक्षावधी वारकरी घरीच राहिले. २०२२ मध्ये पायी सोहळे पुन्हा निघाले. मधल्या दोन वर्षांत ती माणसे वारकरी राहिली नाहीत, असे कोणीही म्हणणार नाही. वाट बंद होती, पण एकादशी आणि हरिपाठ घरी चालू ठेवता येत होते. मोठी आवृत्ती थांबली तरी लहान आवृत्त्यांनी ओळख धरून ठेवता येत होती. वर उल्लेखिलेल्या लंडनच्या अभ्यासातही असे आढळले, की एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्याच्या प्रक्रियेला फारशी बाधा येत नाही. स्वप्रतिमेचा खरा उपयोग आम्हांला येथे दिसतो. सवय लावण्यापेक्षा खंडानंतर परत येण्यासाठी ती अधिक कामाची आहे.

नियमितपणाविषयीही आपली समजूत तपासून घेण्याजोगी आहे. रोज रात्री नऊ वाजता वाचेन, असा संकल्प आपण करतो आणि चौथ्या दिवशी नऊ वाजता पाहुणे येतात. ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यात हा प्रश्न कधी उद्भवला नसता. भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ हाती येते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. खाडीवर पोट असणाऱ्याचा दिवस आज पहाटे सुरू होईल, तर आठवड्याने भर दुपारी. घड्याळाच्या दृष्टीने याहून अनियमित जीवन नाही; समुद्राच्या दृष्टीने याहून नियमित नाही. सवय घड्याळाला बांधली तर ती पहिल्या पाहुण्याबरोबर निघून जाते. ती आपल्या दिवसातल्या एखाद्या खऱ्या भरतीला बांधावी: लोकलच्या प्रवासाला, घरातले निजल्यानंतरच्या शांततेला, दोन तासिकांमधल्या रिकाम्या वेळेला. ही भरती सरकली की सवयीनेही तिच्याबरोबर सरकावे.

शेवटी साहित्यातलेच एक उदाहरण. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. आद्याक्षरे उलट वाचली की जयंत विष्णू नारळीकर हे नाव उमगते. नारळीकर तोवर जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते. १९६५ सालीच त्यांना पद्मभूषण मिळाले होते. परीक्षकांवर नावाचा प्रभाव पडू नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले, इतकेच नव्हे तर हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. या घटनेकडे सामान्यतः गमतीचा किस्सा म्हणून पाहिले जाते. आम्हांस तीत एक कठोर आत्मपरीक्षा दिसते. 'मी शास्त्रज्ञ' ही अढळ प्रतिमा जवळ असलेल्या माणसाने 'मी कथाकार' ही प्रतिमा तिच्या पुण्याईवर मिळवण्याचे नाकारले. आपली कृती त्याने नावावाचून तराजूत ठेवली आणि त्यानंतर २०२५ मधील निधनापूर्वीची कितीतरी वर्षे मराठीत विज्ञानकथा लिहिली. पारितोषिक एकदा मिळाले. कथाकारपण मात्र पुन्हा पुन्हा लिहून मिळवावे लागले.

येथे एक आक्षेप रास्त आहे. वाचनासारखी आनंदाची गोष्ट मोजू लागलो तर तिच्यातला आनंद जाईल, आणि पाने मोजणारा 'मी' ही आणखी एक पोकळ प्रतिमा तयार होईल. हा धोका आम्ही नाकारीत नाही. वर्षात शंभर पुस्तके वाचल्याची घोषणा करणाऱ्यांनी ती शंभर पुस्तके कशी वाचली असतील, हा विचार आमच्याही मनात येतो. म्हणून साक्षीदार अबोल असावा. बिल्ला छातीवर असतो, पण काम करताना त्याच्याकडे कोणी सारखे पाहत बसत नाही. तो काही महिन्यांनी एकदा वाचला जातो, आणि तेवढे पुरते.

त्या बसप्रवासानंतर आम्ही एक साधी वही घातली. तारीख, पुस्तकाचे नाव, कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत, एवढेच. काही वाचले नाही त्या दिवशी शून्य लिहायचे. जागा कोरी सोडायची नाही. तीन महिन्यांनी ती वही आमच्याच व्यवसायातील एका मित्राला दिली आणि त्याची आम्ही घेतली. दोघांच्याही वहीत शून्ये भरपूर निघाली. चाळीस चाळीस वर्षे 'वाचक' म्हणून मिरवलेली दोन माणसे चहाच्या टपरीवर एकमेकांची शून्ये मोजत बसली होती. त्यात हसू होते, थोडी शरमही होती. पण पुढच्या तिमाहीत शून्ये कमी झाली. ती अजूनही आहेत.

ती कादंबरी आम्ही आता शेवटच्या पानापर्यंत वाचली आहे. त्या विद्यार्थिनीने नाव टिपून घेतल्यावर ती कदाचित आमच्याआधीच वाचून संपवली असेल. पुन्हा त्या वर्गात जाण्याचा योग आला आणि तिने तोच प्रश्न विचारला, तर उत्तर देण्यापूर्वी आम्ही पिशवीतून वही काढून पाहू.