मोठा कार्ब्युरेटर म्हणजे मोठी ताकद?

आमच्या निर्मळच्या घरापुढे महिंद्रची एक जीप उभी असते. मॉडेल १९६९ चे, पेट्रोलवर चालणारे. वडिलांनी ती जुनीच विकत घेतली होती. वाडीतली केळी आणि खाऊची पाने पहाटे वसई रोड स्टेशनवर पोचवायची, हे तिचे काम. आता वाडी निम्मी उरली, वडीलही राहिले नाहीत. जीप मात्र आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर ती काळा धूर ओकू लागली. रेस सोडली की बंद पडायची. घरच्यांनी सांगून पाहिले, पण मी मनावर घेतले नाही. मग एका रविवारी तुंगारेश्वरच्या पायथ्याशी पेट्रोलचा उग्र वास आला. मागे दोन्ही नातवंडे बसलेली. बॉनेट उघडले तर कार्ब्युरेटरच्या बुडाशी थेंब लोंबत होता आणि वीतभर अंतरावर इंजिन तापून लाल व्हायचेच काय ते बाकी होते. पोरांना रिक्षाने घरी पाठवले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कार्ब्युरेटर बदलायचा हे ठरले, पण कोणता घ्यायचा? सल्ल्यांना तोटा नव्हता. भाचा म्हणाला, ‘‘मामा, दोन नळ्यांचा मोठा टाका, गाडी नुसती उडेल.’’ शेजाऱ्यांचे मत, डिझेल इंजिनच बसवून मोकळे व्हा. पूर्वी अनेकांनी तसे केलेही. कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात एकाने जिप्सीचा कार्ब्युरेटर हातात ठेवला आणि ‘फिट बसेल’ म्हणून छातीठोकपणे सांगितले. १९८५ साली बाजारात आलेल्या जिप्सीचे इंजिन ९७० सीसीचे; आमच्या जीपचे विलीज ‘हरिकेन’ २२०० सीसीचे. बोल्ट बसवता येतील हो, पण आतले जेट कोणत्या इंजिनासाठी कोरलेले आहेत, हे कोणी विचारायचे?

‘मोठा तेवढा चांगला’ हा समज मला अगदी चुकीचा वाटतो. कार्ब्युरेटरचे काम साधे आहे. इंजिन हवा ओढते, ती हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि जेटमधून पेट्रोल आपोआप वर खेचले जाते. गळा फार रुंद केला की हवेचा वेग मंदावतो, खेच कमी पडते आणि नेमके हळू चालताना, चढावर गाडी गचके देते. हिशेब करून पाहा. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या मापाची हवा घेते. मिनिटाला ४००० फेरे धरले तरी आमचे इंजिन फार तर ४४०० लिटर हवा ओढणार, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. त्याला एका नळीचा, बेताचा कार्ब्युरेटर पुरतो.

शिवाय जीप सपाट रस्त्यासाठी नाहीच. ती तिरपी झाली की कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल एका बाजूला सरकते. मग एक तर इंजिन पेट्रोलने बुडते, नाही तर उपाशी राहते. डांबरी रस्त्यावर वाघ असलेला कार्ब्युरेटर दगडगोट्यांच्या चढावर मांजर होतो तो यामुळे.

मुंबईत विलीज जीपची जुळणी १९४७ साली सुरू झाली. पुढे सीजे-३बी आली. तिचे उंच बॉनेट आपण पाहिलेले असते, पण ते तसे का, हे सहसा ठाऊक नसते. हे इंजिन आधीच्यापेक्षा उंच, म्हणून बॉनेट वर उचलावे लागले. मूळ कार्ब्युरेटर कार्टरचा. आमचाही तोच. तो दुरुस्त करावा अशी माझी फार इच्छा होती. आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी तो उघडून टेबलावर मांडला. पितळी फ्लोटला बारीक छिद्र पडून आत पेट्रोल शिरलेले, म्हणून सुई बंदच होत नव्हती. फ्लोट बदलता आला असता. पण थ्रॉटलचा दांडा आपल्या भोकात खुळखुळत होता आणि वरचा पत्रा वाकला होता. ‘‘भाऊ, हा आता ओढाताणीचा संसार आहे,’’ मिस्त्री म्हणाले.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली. नवा घेण्याआधी टाकी उतरवायला लावली. तळाशी गंजाचा चिखल आणि पाणी. २०२३ साली २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचले. इथेनॉल पाणी शोषून घेते, टाकीतली जुनी घाण सोडवते, जुन्या रबराला खाते. वसईच्या दमट हवेत महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीचे काय होत असेल, ते त्या चिखलाने सांगितले. शिवाय एक किलो पेट्रोल जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे नऊच. म्हणजे जुन्या जेटने मिश्रण पातळ होणार. पेट्रोल बदलले, पण जुन्या गाडीच्या मालकाने काय काय बदलावे, हे मला तरी कोणी सांगितले नाही. दुचाकींतूनही २०२० पासून कार्ब्युरेटर बहुतांशी हद्दपार झाला, तेव्हा जेट ओळखणारे हात पुढे मिळतील कुठे?

शेवटी सोलेक्सच्या धाटणीचा, एका नळीचा, याच इंजिनासाठी बनवलेला घेतला. दिसायला अगदी सामान्य. दुकानात तीन डबे उघडायला लावले, कारण डब्यावर नाव एकाचे आणि आत माल दुसऱ्याचा, हा अनुभव नवा नाही. खालची पट्टी सपाट आहे का, दांडा हलतो का, चोकची तार पोचते का, हवेची नळी बॉनेटखाली बसते का, हे तिथेच पाहिले. मुख्य जेट मिस्त्रींनी एक अंक मोठा घातला. धूर थांबला. भाच्याच्या मते गाडी अजूनही उडत नाही.

पंपापासूनची एक जुनी रबरी नळी बदलायची राहिली आहे. इथेनॉल सोसणारी नळी या आठवड्यात मिळणार आहे. तोवर नातवंडांना जीपमध्ये बसायची बंदी आहे, आणि त्यावरून सध्या घरात माझ्याशी कोणी धड बोलत नाही.