भांडण दोघांचं, रिचार्ज आपला



या पानावर माझ्याकडून तुम्ही बीजप्रक्रिया, खतमात्रा नाहीतर हुमणी-बोंडअळी हेच वाचत आलात. आज विषय टीव्हीचा. कारण असं की परवा एका गावात सोयाबीनच्या उगवण तपासणीचं प्रात्यक्षिक आटोपलं, चहा आला, आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, "साहेब, वर्षाचे पैसे एकदम भरलेत. मग चॅनेल मधेच जातंच कसं? आम्ही काय उधारीवर बघतो का?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन कायदे-नियम चाळले. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी आपल्या भाषेत बघू. ऐन पेरणीत खताची कंपनी आणि तालुक्याचा डीलर यांचं कमिशनवरून बिनसतं. कंपनी गाडी पाठवत नाही, डीलर म्हणतो वरूनच माल नाही. तुम्ही मात्र आगाऊ पैसे देऊन बसलेले. टीव्हीत हेच घडतं. कार्यक्रम तयार करून वाहिनी चालवणारी कंपनी वेगळी आणि ती वाहिनी छत्रीवाटे तुमच्या डब्ब्यापर्यंत पोचवणारी डीटीएच कंपनी वेगळी. या दोघांत ठराविक मुदतीचा करार असतो. मुदत संपली, नवा दर ठरला नाही, की पडदा काळा. तुमचे पैसे डीटीएच कंपनीकडे जमा असतात, पण त्या करारावर तुमची सही नसते. सगळी गोम इथंच आहे.

आपल्याकडचं गाजलेलं प्रकरण 2018 सालचं. टाटा स्काय (2022 पासून हिचं नाव टाटा प्ले) आणि सोनी यांचा नवा करार जमेना. ऑक्टोबर 2018 मध्ये टाटा स्कायने सोनीच्या वाहिन्या आपल्या तयार पॅकमधून काढल्या. ज्याला हव्यात त्याने मागून घ्याव्यात, असं कंपनीचं म्हणणं. त्या वेळी सोनीवर 'कौन बनेगा करोडपती'चं दहावं पर्व रंगात आलेलं. म्हणजे घराघरांतून ओरड होणार हे ठरलेलंच. कंपनी म्हणाली, वाहिनीवाल्यांनी दर फार मागितला, तुमच्या खिशाला चाट बसू नये म्हणून आम्ही असं केलं. वाहिनीवाले म्हणाले, दोष त्यांचा, तुम्ही त्यांच्याकडेच तक्रार करा. पुढे समेट झाला, वाहिन्या परत आल्या. पण बघा, दोघंही तुमच्याच नावाने बोलत होते, आणि तुमच्या तक्रारीचा दगड एकमेकांच्या डोक्यात घालत होते. बैलांच्या टकरीत कुंपण मोडतं, तशातली गत.

हे भांडण नेमकं कशाचं असतं? 2019 च्या आधी दोघांत ठोक सौदे होत. वाहिनीवाल्याचा आग्रह असा की माझ्या सगळ्या वाहिन्या तुझ्या स्वस्तातल्या पॅकमध्ये घाल, म्हणजे कुणी बघो न बघो, घरटी पैसे मिळत राहतील. चार चांगल्या वाहिन्यांच्या आड दहा पडेल वाहिन्याही खपायच्या. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, यावर नवी दरपद्धत आणली आणि ती 1 फेब्रुवारी 2019 पासून अमलात आली. आता सशुल्क वाहिनीची किंमत वाहिनीवाल्यालाच जाहीर करावी लागते. गठ्ठ्यात घालायची असेल तर एका वाहिनीची किंमत 19 रुपयांच्या वर नसावी. आणि त्या किमतीतला किमान 20 टक्के वाटा तुमच्यापर्यंत पोचवणाऱ्याचा. हिशेब करा: 19 रुपयांतले 3 रुपये 80 पैसे डिशवाल्याला आणि 15 रुपये 20 पैसे वाहिनीवाल्याला. त्यातून वाहिनीवाला फार तर आणखी 15 टक्के सूट देऊ शकतो. माल पिकवणाऱ्याला रुपयातले साधारण ऐंशी पैसे! आपल्या कांद्या-टोमॅटोला असा नियम कुणी लावला असता तर, असा विचार माझ्याही मनात येऊन गेला. असो.

वाटा नियमाने बांधला, तरी वाद मिटले नाहीत. नोव्हेंबर 2022 मध्ये ट्रायने दरपद्धत पुन्हा बदलली आणि वाहिनीवाल्यांनी फेब्रुवारी 2023 पासून नवे वाढीव दर लावले. डीटीएच कंपन्यांनी करार केले. मोठ्या केबल कंपन्यांच्या संघटनेने मात्र सह्या करायला नकार दिला, केरळ उच्च न्यायालयात दादही मागितली. तेव्हा स्टार, झी आणि सोनी या तिघांनी सही न करणाऱ्यांचं प्रक्षेपण तोडलं. दिवस कोणता? 18 फेब्रुवारी 2023, महाशिवरात्रीचा शनिवार. दिल्लीत भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीचा दुसरा दिवस चालू होता. केबल संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे साडेचार कोटी घरांना फटका बसला. मग आठवडाभरातच सह्या झाल्या आणि चित्र परत आलं. छतावर छत्री असलेल्याला या भांडणाची झळ लागली नाही, पण तालुक्याच्या गावी केबलवर असलेल्या त्याच्याच भावाकडे टीव्ही मुका होता.

तारीख मुद्दाम सांगितली. वाहिनी ओस पडलेल्या दिवशी कुणी तोडत नाही. आपल्याकडेच असं चालतं असंही नाही. अमेरिकेत डायरेक्टीव्ही या डिश कंपनीचं आणि डिस्नेचं 1 सप्टेंबर 2024 रोजी फाटलं आणि 1 कोटी 10 लाखांहून जास्त ग्राहकांच्या वाहिन्या गेल्या. तिथे महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम नुकता सुरू झाला होता, टेनिसची मोठी स्पर्धा चालू होती. 14 सप्टेंबरला, पुढचे सामने तोंडावर आल्यावर, तडजोड झाली. तिथेही डिशवाल्याचं गाऱ्हाणं तेच होतं: गिऱ्हाइकाला नको असलेल्या वाहिन्या त्याच्या गळ्यात बांधायला लावतात. तडजोडीत मग लहान, विषयवार पॅक विकायची मुभा त्याने मिळवली.

इथून पुढे ही भांडणं कमी होतील असं मला वाटत नाही. ट्रायच्या आकड्यांप्रमाणे 2020 च्या अखेरीस देशात पैसे भरणारे डीटीएच ग्राहक 7 कोटींच्या पुढे होते, 2024 च्या अखेरीस ते 6 कोटींच्या खाली आले. पोरं मोबाइलवर बघतात. गिऱ्हाईक आटलं की उरलेल्या गिऱ्हाइकावरची ओढाताण वाढतेच, हे बाजार समितीत उभं राहिलेल्याला वेगळं सांगायला नको.

मग आपण काय करायचं? एक तर, नियम आपल्या बाजूने थोडे आहेत, पण ते कुणी सांगत नाही. वाहिनी तोडायची तर एका कंपनीने दुसरीला तीन आठवडे आधी लेखी नोटीस द्यावी लागते, मग कारण दराचं असो की थकबाकीचं. आणि तुम्हाला निदान पंधरा दिवस आधी त्या वाहिनीवरच पट्टी फिरवून कळवावं लागतं. ती पट्टी दिसली की तारखेसह मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सशुल्क वाहिनी बंद झाली तर त्या दिवसापासून तिचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत. म्हातारबाबांच्या प्रश्नाचं उत्तर हेच: चॅनेल जाऊ शकतं, पण त्याचे पैसे कापले जाता कामा नयेत. पैसे कापलेच, तर डीटीएच कंपनीकडे तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक मागा. तिथे दाद नाही लागली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींसाठी एक गोष्ट. कंपन्यांचे आपसातले वाद दिल्लीच्या दूरसंचार तंटा लवादापुढे चालतात. एकट्या ग्राहकाची तक्रार ग्राहक आयोगाकडे जाते, पण ग्राहकांचा गट लवादाकडे जाऊ शकतो, अशी सोय ट्रायच्या कायद्यातच आहे. गावात एकाच कंपनीच्या पन्नास छत्र्या असतील तर पन्नास जणांचा अर्ज एक करणं ग्रामपंचायतीला अवघड नाही.

दुसरं म्हणजे, गठ्ठा घेताना बेरीज करा. 2022 च्या नियमाने गठ्ठ्यावर 45 टक्क्यांपर्यंतच सूट देता येते. म्हणजे सुट्या किमतीची बेरीज 100 रुपये असेल तर गठ्ठा 55 च्या खाली मिळणार नाही. तुमच्या घरात त्यातल्या दोनच वाहिन्या लागत असतील, तर 19-19 प्रमाणे 38 रुपयांत काम भागतं. 18 टक्के जीएसटी दोन्हीकडे आहेच. आणि वर्षाचा रिचार्ज एकदम मारायचा मोह मला तरी बरा वाटत नाही. महिना-दोन महिन्यांचा असला तर अशा वेळी कंपनी बदलायला हात मोकळा राहतो.

बरेच जण म्हणतील, आम्ही दूरदर्शनची फुकटची छत्री बसवली, आम्हाला काय त्याचं? फ्री डिशला महिन्याचा खर्च नाही हे खरं. पण 1 मार्च 2019 ला मोठ्या समूहांनी आपल्या मालिकांच्या वाहिन्या तिथून काढल्या, 2020 मध्ये परत आणल्या आणि 1 एप्रिल 2022 पासून पुन्हा काढल्या. फुकट दिसतंय म्हणून कायम दिसेल असं नाही. सह्याद्रीची गोष्ट मात्र वेगळी. दूरदर्शनच्या ठरवून दिलेल्या वाहिन्या केबल असो वा डीटीएच, सगळ्यांना दाखवाव्याच लागतात, त्याला कुणाचा करार आडवा येत नाही. त्यामुळे 'आमची माती आमची माणसं' बघणाऱ्याने या भांडणाची धास्ती घ्यायचं कारण नाही. डब्ब्यावर सह्याद्री सापडत नसेल तर आधी चॅनेलची यादी नव्याने शोधायला लावा, बहुतेक वेळा ती तिथेच असते.