हिशेबापलीकडे : भरावाखालची जमीन आणि एक न्यायमूर्ती

भाईंदर पश्चिमेहून निघणारा रस्ता मुर्धा, राई, मोर्वा मागे टाकीत उत्तनकडे जातो आणि त्यापुढे, समुद्राला अगदी खेटून, पाली हे गाव लागते. आपल्यापैकी अनेकांची दुकाने व घरे भाईंदरला आहेत. परंतु पालीला जाण्याचा प्रसंग क्वचितच येतो. तेथील कोळी बांधवांच्या व्यवसायाविषयी आपल्या समाजाचे मत काय आहे, हे येथे सांगण्याचे कारण नाही. मात्र खाडीकाठचे तिवराचे जंगल नाहीसे झाले, तर पहिला फटका त्यांना आणि दुसरा आपल्या तळमजल्यावरील गोदामांना बसतो, ही गोष्ट दोघांसाठीही सारखीच खरी आहे.

तिवरे मारण्यासाठी कुऱ्हाड लागतेच असे नाही. रात्री डंपर येतात, राडारोडा टाकला जातो आणि भरतीचे पाणी आत येण्याचा मार्ग बंद होतो. खाऱ्या पाण्याविना झाडे आपोआप सुकतात. काही वर्षांनी तेथे ‘मोकळी जमीन’ दिसू लागते आणि मोकळ्या जमिनीला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागत नाही. पूर्वी जे पाणी त्या दलदलीत मुरत व पसरत असे, ते पावसाळ्यात दुसरीकडे वाट शोधते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ती वाट कोणाकोणाच्या घरातून गेली, हे वाचकांना सांगावयास नको.

त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीला मनाई करणारा अंतरिम आदेश दिला. अंतिम निकालास मात्र १७ सप्टेंबर २०१८ उजाडले. तो देणाऱ्या खंडपीठाचे प्रमुख होते न्यायमूर्ती अभय ओक. तिवरांचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग होय, असे या निकालाने म्हटले. तिवरांभोवतीच्या पन्नास मीटर पट्ट्यात बांधकामास बंदी घातली, सरकारी जमिनीवरील तिवरे वन विभागाकडे सोपविण्यास सांगितले आणि जेथे ती नष्ट झाली आहेत, तेथे पुन्हा उभी करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. सार्वजनिक प्रकल्प असला, तरी लोकहिताची गरज न्यायालयासमोर सिद्ध करावी लागते. म्हणूनच वर्सोवा ते भाईंदर सागरी मार्गासाठी मुंबई महापालिकेसारख्या बलाढ्य संस्थेलाही परवानगी मागत उच्च न्यायालयात यावे लागले.

ओक हे आपल्याच ठाणे जिल्ह्याचे. १९६० चा जन्म; १९८३ मध्ये ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात वडिलांच्या कार्यालयातून त्यांनी वकिलीस आरंभ केला. २००३ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, २०१९ मध्ये कर्नाटकचे मुख्य न्यायमूर्ती आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती.

ध्वनिप्रदूषणाच्या प्रकरणात त्यांची खरी कसोटी लागली. ध्वनिक्षेपक वापरणे हा कोणत्याही धर्माचा मूलभूत हक्क नाही, असे त्यांनी २०१६ मध्ये स्पष्ट केले होते. पुढील वर्षी, ऐन गणेशोत्सवाच्या तोंडावर, राज्य शासनानेच त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप केला व प्रकरण दुसऱ्या खंडपीठाकडे देण्याची मागणी केली. प्रकरण त्यांच्याकडून काढलेही गेले. परंतु वकीलवर्गात एवढा क्षोभ उसळला की ते पुन्हा त्यांच्यासमोर आले आणि शासनाला बिनशर्त माफी मागावी लागली. एखाद्या अधिकाऱ्याने एवढ्यानंतर पुढील तारखा सावधपणे काढल्या असत्या, तर कोणी दोष दिला नसता. ओक यांनी तसे केले नाही.

व्यापारी कुटुंबांना त्यांचा सर्वांत बोचणारा निकाल १६ मे २०२५ चा असावा. पर्यावरण मंजुरी न घेता प्रकल्प उभा करायचा आणि मागाहून दंड भरून मंजुरी मिळवायची, या सोयीला त्यांनी व न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी बेकायदा ठरविले. ‘असे निकाल धंदा बुडवतात,’ अशी तक्रार आपल्या बैठकांत ऐकू येते. मी आयुष्यभर कर्जप्रकरणे हाताळली. आधी उचल द्या, तारणाची कागदपत्रे मागाहून पाहू, असे कोणत्या शाखेने म्हटले असते? ज्या व्यापाऱ्याने वेळेत मंजुरी घेतली, शुल्क भरले आणि महिनोन्‌महिने थांबून राहिला, त्याचा हिशेब या तक्रारीत कोणी धरत नाही. माझ्या मते मागाहूनच्या मंजुरीने सर्वांत मोठा अन्याय त्याच्यावर होतो.

दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. सुमारे २० हजार कोटींचे सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागतील आणि पाडल्याने प्रदूषण वाढेलच, असे बहुमताचे म्हणणे. युक्तिवाद अगदीच दुबळा नाही. उभे राहिलेले रुग्णालय पाडा, असे म्हणणे कठीण आहे. भुयान यांनी मात्र विरोधी मत नोंदवून जुना निकालच योग्य ठरविला. ओक तोवर निवृत्त झाले होते.

निवृत्तीनंतरही त्यांनी हा विषय सोडलेला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीतील व्याख्यानात, कोणताही धर्म पर्यावरणाची हानी करण्यास सांगत नाही, अशा आशयाचे ते बोलले. फटाक्यांनी वृद्ध, बालके, पशू-पक्षी यांना होणाऱ्या त्रासाचा त्यांनी उल्लेख केला. जीवदयेसाठी उदारपणे देणगी देणाऱ्या आणि लक्ष्मीपूजनानंतर दुकानापुढे माळ लावणाऱ्या आपल्या काही बंधूंनी ते व्याख्यान जरूर ऐकावे.

मे २०२५ मध्ये, निवृत्तीच्या तोंडावर, त्यांच्या मातोश्रींचे निधन झाले. अंत्यसंस्कारांसाठी ते ठाण्यास आले, दिल्लीस परतले आणि दुसऱ्या दिवशी, कामकाजाच्या अखेरच्या दिवशी, त्यांनी अकरा निकाल दिले.