दिल्लीकडे बोट दाखवून सोलापूरचा खोकला थांबणार नाही

हिवाळा आला की व्हॉट्सॲप ग्रुपवर दिल्लीच्या धुराचे फोटो फिरू लागतात. ‘बरं झालं, आपण सोलापुरात आहोत,’ असं कुणीतरी लिहितं आणि सगळे माना डोलावतात. मित्रांनो, हा भ्रम आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यात हवेच्या निकषांत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूरचंही नाव आहे.

निकष तरी किती ढिला! पीएम २.५ म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी पट बारीक कण. वर्षाच्या सरासरीत घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम चालतील, असं आपलं सरकार म्हणतं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा ५ आहे. हे कण फुफ्फुसातून रक्तात उतरतात. दम्यासोबत हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो. बाहेरची दूषित हवा कॅन्सरला कारण ठरते, हे आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्येच जाहीर केलं.

मी सॉफ्टवेअरवाला. सरासरी कशी फसवते, हे रोज पाहतो. मोबाईलवरचा आकडा यंत्र बसवलं त्या जागेचा असतो. यंत्रमागाच्या शेडमधली कापसाची धूळ त्यात येत नाही. त्या धुळीने सुट्टीनंतर कामावर परतलेल्या कामगाराची छाती आवळते. त्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. माझी दादी घरात विड्या वळायची. तिच्या श्वासातली तंबाखूची भुकटी कुठल्या यंत्राने मोजली? चादर आणि विडीवर उभं राहिलेलं हे शहर, ती बनवणाऱ्यांचाच श्वास हिशोबात धरत नाही.

आता पैशाचं बघा. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटच्या २०२४ च्या अहवालानुसार, या कार्यक्रमात देशभर खर्च झालेल्या निधीपैकी ६४ टक्के रस्त्यावरच्या धुळीवर गेला. उद्योगांच्या वाट्याला एक टक्काही आला नाही. पाणी मारल्याने धूळ घटकाभर बसते. धूर बसत नाही.

आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. कोपऱ्यावरचा प्लास्टिकचा ढीग आपणच पेटवतो. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने तिथल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. असा विषय निघाला की ‘आपल्याच धंद्यावर घाला’ अशी कुजबुज सुरू होते. रोजीची भीती खरी आहे. पण भट्टीचा पहिला धूर त्याच कारागिराच्या छातीत जातो. म्हणून भट्टी वाचवा असं न म्हणता, हवेच्या निधीतून गॅसच्या भट्टीसाठी अनुदान द्या, अशी मागणी करायला हवी.

स्वच्छ हवा ही कुणाची मेहरबानी नाही. प्रदूषणमुक्त हवा आणि पाणी हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने सुभाष कुमार खटल्यात १९९१ मध्येच म्हटलं आहे.

तेव्हा पुढच्या वेळी दिल्लीचा फोटो पुढे पाठवण्याआधी महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तीन प्रश्न पुरेत: हवेसाठी किती पैसा आला, कशावर गेला, आणि यंत्रमाग कामगार व विडी वळणाऱ्या बायांच्या वाट्याला त्यातलं काय आलं? उत्तर आलं की ग्रुपवर टाका. तो फोटो दिल्लीच्या धुरापेक्षा जास्त बोलेल.