‘बॅकअप आहे का?’ विचारू नका, ‘परत आणून दाखवा’ म्हणा

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण तुमचे पैसे एखाद्या पतसंस्थेत असतील किंवा तुमची एखादी नोंद सरकारी कॉम्प्युटरवर असेल, तर विषय तुमचाच आहे.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळतो. काही वर्षांपूर्वी एका सोमवारी सकाळी तो चालूच होईना. डिस्क गेली होती. मॅनेजर निवांत होते. “रोज रात्री बॅकअप होतो ना, मग कशाला घाबरायचं?” मीही निवांत होतो, कारण ती व्यवस्था मीच लावून दिली होती. बाहेरची हार्ड डिस्क काढली, दुसऱ्या मशीनला जोडली, उघडली. शेवटची नोंद पाच महिन्यांपूर्वीची.

झालं असं होतं की मध्यंतरी ऑफिसला रंग दिला, तेव्हा ती हार्ड डिस्क कुणीतरी काढून ठेवली आणि नंतर परत जोडली. केबल जागेवर होती, दिवा लागत होता. पण सर्व्हरने ती डिस्क पुन्हा ओळखलीच नव्हती. त्यामुळे माझा प्रोग्राम रोज रात्री त्याच नावाच्या एका रिकाम्या फोल्डरमध्ये कॉपी करत होता, आणि तो फोल्डर होता सर्व्हरच्या स्वतःच्याच डिस्कवर. रोज सकाळी मला मेसेज यायचा, ‘बॅकअप यशस्वी’. तो मेसेज खोटा नव्हता. कॉपी खरंच होत होती. फक्त ज्या घराला आग लागली त्याच घरात दुसरी किल्ली ठेवल्यासारखं झालं होतं.

पाच महिन्यांच्या नोंदी तीन क्लार्कनी कागदी पावत्यांवरून पुन्हा टाकल्या. अकरा दिवस लागले. भाजी विकणाऱ्या एक मावशी पिग्मीच्या सगळ्या पावत्या दुधाच्या पिशवीत, रबर लावून घेऊन आल्या होत्या. “माझे जमा हायेत ना रे बाबा?” एवढंच विचारलं त्यांनी. मी हो म्हणालो, पण त्या क्षणी ते खरं होतं ते आमच्या सर्व्हरमुळे नाही, त्यांच्या पिशवीमुळे.

तुम्ही म्हणाल, हा तालुक्याचा गलथान कारभार, मोठ्यांकडे असं होत नाही. होतं. मोठ्यांकडे मोठं होतं.

गिटलॅब ही जगभरातल्या प्रोग्रामरांचं काम सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या त्यांच्या एका इंजिनिअरने चुकून राखीव डेटाबेसऐवजी मुख्य डेटाबेस पुसला. सुमारे ३०० जीबी. रोजचा बॅकअप शोधायला गेले तर तो होतच नव्हता, आवृत्ती जुळत नसल्याने प्रत्येक वेळी फेल जात होता. फेल झाल्याची सूचना देणारे ईमेलसुद्धा नाकारले जात होते, म्हणून कुणाला कळलंच नाही. वाचवलं कशाने? दुसऱ्याच कामासाठी कुणीतरी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेल्या एका प्रतीने. योगायोगाने! त्या कंपनीचं एक मात्र मानायला हवं. त्यांनी सगळं उघडपणे लिहून जाहीर केलं, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं आणि दोष एका माणसावर ढकलला नाही.

डिसेंबर २०२१. जपानचं क्योतो विद्यापीठ. तिथल्या सुपरकॉम्प्युटरच्या बॅकअपचा प्रोग्राम पुरवठादार कंपनीने सुधारला आणि तो चालू असतानाच त्याच्यावर नवी आवृत्ती टाकली. अर्धा जुना, अर्धा नवा असा तो धावला. जुन्या लॉग फाइली साफ करायच्या होत्या, साफ झाल्या संशोधकांच्या फाइली. सुमारे ७७ टीबी, जवळपास ३ कोटी ४० लाख फाइली. १४ संशोधन गटांना फटका बसला, त्यांतल्या चार गटांचं काम परत आणता आलं नाही. म्हणजे राखणदारानेच घर रिकामं केलं.

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरिया. देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्या हलवताना आग लागली. सहाशेहून जास्त सरकारी सेवा बंद पडल्या. त्यात सरकारी नोकरांच्या फाइलींचा ८५८ टीबीचा सामायिक साठा जळून गेला. त्याची बाहेर कुठेही दुसरी प्रत नव्हती. साठा फार मोठा आहे म्हणून बाहेर प्रत ठेवता आली नाही, असं कारण पुढे आलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नको, तिथेच ठेवा, असं कर्मचाऱ्यांना सांगितलेलं होतं. इंटरनेटमध्ये जगात पुढे असलेल्या देशाची ही कथा.

या तिन्ही ठिकाणी पैसा कमी नव्हता, हुशार माणसं कमी नव्हती. कमी होती ती एकच गोष्ट. ‘आहे’ म्हणून सांगितलेली वस्तू प्रत्यक्ष काढून बघायची सवय.

आता आमच्याकडे काय बदललं ते सांगतो, कारण उपाय महागडा नाही. आम्ही झेडएफएस घेतलं. ही डिस्कवर माहिती साठवण्याची एक मुक्तस्रोत व्यवस्था. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत २००१ मध्ये काम सुरू झालं, २००५ मध्ये तिचा कोड खुला झाला, आणि २०१३ पासून ओपनझेडएफएस या नावाने वेगवेगळे लोक मिळून ती पुढे नेतात. परवान्याचे पैसे शून्य.

ती काय करते हे समजायला इंजिनिअर असायची गरज नाही. जुन्या मुनीमजींची कीर्द आठवा. कीर्दीत खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर खोडरबर नाही, नवी नोंद करायची, जुनी दिसत राहते. झेडएफएस तसंच वागते. जुन्या माहितीवर नवी लिहीत नाही. नवी शेजारच्या मोकळ्या जागेत लिहिते, ती पूर्ण झाली की मगच ‘आता हे खरं’ असं बोट वळवते. मध्येच लाइट गेली तर जुनं जसंच्या तसं शाबूत. जुनं पुसलेलंच नसल्याने कालची, परवाची स्थिती ‘स्नॅपशॉट’ म्हणून ठेवणंही फार स्वस्त पडतं.

दुसरं, प्रत्येक तुकड्याबरोबर ती त्याची पडताळणी संख्या ठेवते. वाचताना ती जुळली नाही तर तुकडा खराब झालाय हे कळतं आणि आरशासारख्या ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवरून ती बरोबर तुकडा आणून दुरुस्ती करते. डिस्क न सांगता माहिती बिघडवतात, ही कल्पना नाही. सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेने २००७ मध्ये स्वतःच्या यंत्रणेत हे तपासलं आणि असा गुपचूप बिघाड त्यांना सापडला. म्हणून आम्ही महिन्यातून एकदा सगळी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून ताडून घेतो.

पण म्हणून झेडएफएसचा गंडा बांधला की झालं, असं नाही. २०२३ मध्ये खुद्द ओपनझेडएफएसमध्ये एक दोष सापडला. विशिष्ट परिस्थितीत फाइल कॉपी केली तर तिच्यातला काही भाग कोरा यायचा, आणि पडताळणी संख्येला ते कळायचं नाही. दोष अनेक वर्षं आत बसून होता. कोड खुला होता म्हणून लोकांनी मिळून शोधला आणि लवकर दुरुस्त केला, हे खरं. पण दोष होता, हेही खरं. शिवाय दोन डिस्कचा आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. तुम्ही चुकून फाइल पुसली तर आरसा इमानदारीने दोन्हीकडची पुसतो. दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत हवीच, आणि ती उघडते का हे बघायलाही हवंच.

हाच कीर्दीचा नियम सॉफ्टवेअर बदलताना लावा. जुनं चालू ठेवा, नवं शेजारी मांडा, ताडून बघा, मग वळा. तेही एका वेळी एकच गोष्ट. आमच्या संस्थेचं नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा पुरवठादाराचा आग्रह होता, ‘एक एप्रिलपासून सगळंच नवीन.’ आम्ही नाही म्हणालो. आधी फक्त पिग्मी, तीही एकाच शाखेत. महिनाभर दोन्हीकडे नोंद. पहिल्याच आठवड्यात एका खात्यात व्याजाच्या गोळाबेरजेत पैशांचा फरक आला. एका शाखेत होता म्हणून दुपारपर्यंत सापडला. सगळ्या शाखांत, ठेवी-कर्ज सगळं एकदम बदललं असतं तर तो फरक कुठून आला हे शोधायला आम्हाला वर्ष पुरलं नसतं.

अमेरिकेच्या सरकारने १ ऑक्टोबर २०१३ ला आरोग्य विम्याची वेबसाइट एका दिवसात देशभर उघडली. लाखो लोक आले. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण करू शकले ते फक्त सहा जण. नंतर ती रुळावर आली, पण एकेक दोष शोधून, मोजून, दुरुस्त करत. म्हणजे छोट्या पावलांनी जावंच लागलं, फक्त आधी तोंडावर आपटून.

मग आपल्याकडे असं का होत नाही? कारण आपल्या निविदेत असं काही मागितलेलंच नसतं. निविदेत किती टीबी, किती प्रोसेसर, किती वर्षांची वॉरंटी हे पानभर असतं. ‘सगळं गेलं तर किती तासांत परत आणाल आणि ते दर सहा महिन्यांनी करून दाखवाल का?’ ही ओळ क्वचितच सापडते. उद्घाटनाला तारीख असते, पाहुणे असतात, नारळ असतो. रिस्टोअरच्या सरावाला कोण फीत कापायला येणार? आणि काम एकगठ्ठा द्यायचं, सगळ्यात कमी दराला द्यायचं, त्यामुळे तुकड्या-तुकड्याने, चुका सुधारत काम करणारा माणूस स्पर्धेतच उतरत नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, ‘मुक्तस्रोत घेतलं तर जबाबदार कोण?’ प्रश्न रास्त आहे. पण क्योतोत करार होता, नामांकित कंपनी होती, तिने जबाबदारी लेखी मान्य केली. त्या चार गटांच्या फाइली तरीही आल्या नाहीत. करारातून भरपाई मिळेल, माहिती मिळत नाही. दुसरा आक्षेप, ‘मुक्तस्रोत म्हणजे फुकट, मग माणूस कशाला?’ केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण जाहीर केलं, चांगलंच केलं. पण परवान्याचे वाचलेले पैसे ते सांभाळणाऱ्या माणसावर खर्च केले नाहीत, तर आपण फक्त बिल वाचवलं, जोखीम तशीच ठेवली. विहीर फुकट मिळाली तरी गाळ काढायला मजुरी लागतेच.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक सार्वजनिक कामाच्या निविदेत रिस्टोअरचा सराव ही पैसे देऊन करून घ्यायची बाब असावी. त्याची तारीख आणि लागलेला वेळ सूचना फलकावर लागावा. आणि बिलं उद्घाटनावर नाही, चालू झालेल्या प्रत्येक छोट्या भागावर निघावीत.

सरकारचं होईल तेव्हा होईल. पण पतसंस्थेचे, सोसायटीचे तुम्ही सभासद आहात. वार्षिक सर्वसाधारण सभेत लाभांश किती हे आपण हमखास विचारतो. यंदा उभं राहून आणखी एक विचारा. “शेवटचं रिस्टोअर कधी केलं, किती तास लागले आणि कुणी बघितलं?” उत्तर आलं नाही तरी प्रश्न इतिवृत्तात जाऊ द्या.

आमच्याकडे दर तिमाहीला एक शनिवार त्यासाठी ठरलेला आहे. दुसऱ्या इमारतीतली प्रत आणायची, रिकाम्या मशीनवर चढवायची, आणि मॅनेजरनी मनात येईल त्या पाच खात्यांची पासबुकं घेऊन ताडायचं. पहिल्यांदा नऊ तास लागले होते आणि दोनदा अडलो होतो. आता दोन तासांच्या आत होतं. आकडा फलकावर लावतो, वाढला तरी लावतो.

त्या मावशी अजून पिग्मी भरतात. पावत्या अजून त्याच पिशवीत ठेवतात. आता याची गरज नाही, असं मी त्यांना अजून एकदाही सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.