घरचा प्रीअँप आणि तिसरी पिन



गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील एका वाडीवर घरभेटीस गेलो असता एका घरी आम्हांस एक नवलाची वस्तू पाहावयास मिळाली. माजघरात टी.व्ही.शेजारी पत्र्याची एक पेटी होती. तिच्या पाठीवर तांबड्या-पांढऱ्या सॉकेटांच्या ओळी आणि पुढे एकच मोठी मूठ. घरातील थोरला मुलगा उद्यमबागेतील एका फाउंड्रीत नोकरीस आहे. तो अभिमानाने म्हणाला, "फादर, हे सगळं मीच केलोय!"

ती पेटी म्हणजे होम थिएटरचा सहा वाटांचा प्रीअँप्लिफायर होती. ती करण्यामागचे कारण ऐकून आम्हांस अधिकच समाधान वाटले. घरात ऐंशी उलटलेली आजी आहे. तिला कमी ऐकू येते. चित्रपट लागला की संगीताने भिंती हादरत. परंतु पात्रे काय बोलतात ते आजीस मुळीच कळत नसे. ती बिचारी जपमाळ घेऊन मुकाट्याने आत जाऊन बसे.

ज्यास '५.१' म्हणतात त्या ध्वनिरचनेत पाच पूर्ण वाटा असतात : समोरून डावी, उजवी व मधली, आणि बाजूंस अथवा पाठीमागे आणखी दोन. सहावी वाट केवळ खर्जाची. मनुष्याचा कान सुमारे २० ते २०,००० हर्ट्झ कंपने ऐकतो. ही सहावी वाट मात्र सुमारे १२० हर्ट्झपर्यंतचाच खर्ज वाहते, म्हणून तिला पूर्ण न मोजता 'दशांश एक' म्हणतात. चित्रपटातील संवाद बहुतेक मधल्या वाटेने येतात. तेव्हा मधला स्पीकर तेवढा चढवता आला, तर आजीस बोलणे ऐकू येईल, हे त्या मुलाने ओळखले.

पॉवर अँप्लिफायर हा ओढणारा बैल मानला, तर प्रीअँप म्हणजे धन्याच्या हातातील कासरा होय. कोणत्या यंत्राचा आवाज घ्यावा आणि तो किती द्यावा, एवढेच त्याने पाहावयाचे. डिस्कवरील सांकेतिक आवाज उलगडून सहा वाटा वेगळ्या करणे हे त्याचे काम नव्हे. ज्या प्लेअरच्या पाठीवर सहा वेगळी सॉकेटे आहेत, त्यासच ही पेटी जोडता येते. या मुलाकडे तसा एक जुना डी.व्ही.डी. प्लेअर होता. केवळ एच.डी.एम.आय.ची तार असलेल्या यंत्रास मध्ये डिकोडर लागतो. हे न पाहता सामान आणणाऱ्याचे पैसे वाया जातात.

आता सहा आवाज एका मुठीने एकदम कमी-जास्त कसे करावयाचे? सहा पट्ट्यांचा एकच पोटेन्शिओमीटर मिळणे कठीण. मिळाला तरी आवाज लहान असताना त्याच्या पट्ट्या एकमेकींशी जुळत नाहीत. म्हणून त्याने 'पीजीए २३११' नावाच्या तीन चिप घेतल्या. प्रत्येक चिप दोन वाटा सांभाळते आणि अर्ध्या डेसिबेलच्या पायरीने आवाज चढवते-उतरवते. पायरीचा आकडा तिला एका लहानशा आर्डुइनो बोर्डाकडून मिळतो. मधल्या वाटेस इतरांहून आठ पायऱ्या अधिक, म्हणजे चार डेसिबेल, अशी सोय त्याने केली. पुढे आवाज पोचवण्यास 'एनई ५५३२' या तीन चिप. एकीत दोन वर्धक असल्याने तीन पुरतात.

विजेच्या भागात नवशिक्या फसतो. '७८१२' व '७९१२' हे रेग्युलेटर दिसावयास जुळे भाऊ. परंतु त्यांच्या पायांचा क्रम निराळा. शिवाय '७९१२'ची धातूची पाठ त्याच्या आवक टोकास जोडलेली असते. ती अभ्रकाच्या चकतीवाचून पेटीस आवळली, की शॉर्ट झालेच. म्हणून पहिल्यांदा वीज देताना चिप सॉकेटात बसवू नयेत. तारेचा जुना ६० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावावा. तो लख्ख पेटला तर कोठेतरी शॉर्ट आहे. तो विझल्यासारखा राहिला, तर मग मीटरने व्होल्टेज मोजावे आणि ते बरोबर भरल्यावरच चिप बसवाव्यात.

त्या मुलाने हे सर्व नीट केले होते. पेटी सुरू झाली तेव्हा गुणगुण म्हणून ऐकू येईना. आम्ही त्याची पाठ थोपटणार, इतक्यात आमची दृष्टी प्लगकडे गेली. तीन पिनांच्या प्लगातील हिरवी तार कापलेली होती!

"हम येत होता, फादर. अर्थिंग काढलं आणि गेला," तो म्हणाला.

वाचकहो, आम्हांस त्यावर रागावता येईना. सेमिनरीत असताना हॉलच्या अँप्लिफायरचा हम घालवण्यासाठी आम्हीही नेमके हेच केले होते, आणि एके दिवशी आमच्या एका सोबत्यास पेटीचा असा झटका बसला की तो भिंतीवर आदळला. तो वाचला ही देवाची कृपा. आमच्या शहाणपणाचा त्यात काही वाटा नव्हता. पेटीच्या आत २३० व्होल्टची तार सुटून पत्र्यास लागली, तर अर्थिंगच्या तारेतून प्रवाह जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. ती तार नसेल, तर पत्रा तसाच जिवंत राहतो आणि हात लावणाऱ्याची वाट पाहतो. आणि या घरात रोज सकाळी शहाबादी फरशीवर अनवाणी उभी राहून ओल्या फडक्याने ती पेटी पुसत होती ती आजीच!

हे सांगताच मुलाचा चेहरा उतरला. त्याने तत्काळ प्लग उपसला.

हम जात नाही असे नव्हे; त्याचा मार्ग वेगळा आहे. प्रथम आवाज ओळखावा. खरखरीत १०० हर्ट्झची घरघर असेल, तर बहुधा पुरवठ्याचे कपॅसिटर कमी पडत आहेत. गोल ५० हर्ट्झची गुणगुण असेल आणि प्लेअरची तार काढताच ती थांबत असेल, तर अर्थिंगचे वेटोळे झाले आहे. त्यासाठी सर्व यंत्रे एकाच बोर्डावर लावावीत. सिग्नलची सॉकेटे पत्र्यापासून वेगळी ठेवावीत, सर्वांचे ग्राउंड एकाच बिंदूपाशी आणावे आणि तो बिंदू एकाच ठिकाणी पेटीस जोडावा. ट्रान्सफॉर्मर आवक तारांपासून दूर असावा. हिरवी तार मात्र पेटीच्या पत्र्यास स्क्रूने घट्ट आवळलेलीच पाहिजे.

दुसरे असे की, जुन्या घरांत बोर्डास तिसरे छिद्र असते, पण मागे तारच नसते. जाणत्या वायरमनकडून ते तपासून घ्यावे, आणि ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. मुख्य बोर्डात बसवून घ्यावी.

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा त्या वाडीवर गेलो. सॉकेटे वेगळी झाली होती, हिरवी तार जागेवर होती, आणि गुणगुण नव्हती. आजी टी.व्ही.समोर बसली होती. आम्हांस पाहून ती उठली नाही, हातानेच बसा म्हणाली आणि कुजबुजली, "थांबा हो फादर, ती सून काय म्हणते ते ऐकू द्या."

आम्हीही मुकाट्याने बसून ऐकले.