गव्हाचा वाण पेरणीच्या तारखेवरून ठरावा

नवी दिल्ली : मार्च २०२२ मधील उष्णतेने वायव्य भारतात गव्हाचा दाणा नीट भरण्याआधीच आक्रसला आणि १३ मे रोजी केंद्र सरकारने निर्यातीवर बंदी घातली. उष्णतेला तोंड देणाऱ्या वाणांची चर्चा त्यानंतर वाढली. पण ती बहुतेकदा उताऱ्याच्या आकड्यापाशीच थांबते.

‘डीबीडब्ल्यू ३०३’ची शिफारस वायव्य मैदानी विभागातील लवकर पेरणीसाठी आणि भरपूर खत-पाण्यासाठी आहे. पेरणी वेळेआधी झाली, तरच मार्चच्या झळांपूर्वी त्याचा दाणा भरण्याची आशा. भाताची कापणी लांबलेल्या किंवा ऊसतोड रखडलेल्या शेतात डिसेंबरमध्ये तोच वाण पेरणे म्हणजे त्याचा मुख्य गुणच गमावणे होय. तेथे ‘डीबीडब्ल्यू १७३’सारखा उशिरा पेरणीचा वाण हवा, मग कागदावरचा उतारा कमी का असेना.

महाराष्ट्रात थंडी आखूड आणि पाणीही अपुरे. निफाडच्या गहू संशोधन केंद्राचा ‘नेत्रावती’ मर्यादित ओलितासाठी आहे, तर ‘फुले समाधान’ वेळेवर व उशिरा अशा दोन्ही पेरण्यांना चालतो. अनुदानाचे बियाणे वाटताना शेतकऱ्याला आधी विचारायला हवे ते हेच : शेत मोकळे कधी होणार आणि पाणी किती पाळ्यांचे?